पट्ट्याची डावी बाजू

रत्नमालाबाईंचं मौन पहाटे डोळा उघडल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत असायचं. सासूबाईंनी हा नेम ओटीत घातला, तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. बजाजनगरातलं घर लहान, त्यामुळे देवापुढं जप करताना आतल्या खोलीतला बारीकसा आवाजही कानावर यायचा. गेले काही महिने त्यातला एक आवाज ठरलेला होता. यजमान, पुंजाराम, चालायच्या मशीनवर चढले की उजवं पाऊल टप्प पडायचं आणि डावं खर्र घासत जायचं. टप्प, खर्र. टप्प, खर्र. माळेचे मणी त्याच तालावर सरकायचे.

पुंजारामांना डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात सुधारला, बोलणं सुधारलं. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चितेगावच्या कारखान्यात ज्यांच्यावर ते सुपरवायझर म्हणून हयातभर डाफरले, ती सगळी मंडळी आता निवृत्त होऊन सकाळी बागेत फिरायची. त्यांच्यासमोर पाय ओढत जायचं? त्यापेक्षा घरात बसलेलं बरं. अखेर मुलानं, इंद्रजीतनं, पुण्याहून स्वतःची जुनी ट्रेडमिल पाठवली, तेव्हा कुठं ते चालू लागले, तेही दार लावून. शेजारचे राजकुमार फाटकातून रोज हाक मारायचे, येता का भाऊ म्हणून. आतून ठरलेलं उत्तर यायचं, की तुम्ही व्हा पुढं. डॉक्टरांनासुद्धा पुंजाराम पाय ठणठणीत आहे असंच सांगून आले. मग पावलाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडं जाणं आपोआपच थांबलं.

अशात मशीनचा पट्टा विरला. सगळा नाही, फक्त डाव्या बाजूनं एक लांब पट्टी गुळगुळीत झाली, कडेचे दोरे सुटले. एकदा त्यात बुटाचं टोक अडकून पुंजाराम पडता पडता दांडीला धरून वाचले. नवा पट्टा बाहेरून मागवावा लागेल, तो महाग पडेल आणि यायलाही वेळ लागेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला. इंद्रजीत फोनवर म्हणाला, भंगारात द्या. रत्नमालाबाईंना ते पटेना. मशीन गेली की यांचं चालणं गेलं, आणि चालणं गेलं की पाय कायमचा गेला.

वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालताना त्यांना उपाय सुचला. साडीचा खालचा काठ विरला की बायका वरचा काठ खाली घेऊन नेसतात. तसाच पट्टा काढायचा आणि डावी बाजू उजवीकडं करून बसवायचा. शनिवारी तेल घरात आणायचं नसतं, म्हणून पट्ट्याखाली लावायचं सिलिकॉनचं तेल त्यांनी शुक्रवारीच आणून ठेवलं. शनिवारी दोघांनी मिळून रोलर सोडले आणि पट्टा काढला. सुटलेले दोरे त्यांनी कात्रीनं कापले, कडेला पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन लावलं आणि पट्टा रात्रभर वाळत ठेवला.

"फरशीला उतार हाय," विरलेल्या पट्टीकडं न बघता पुंजाराम म्हणाले. "म्हणून डावीकडून घासलाय."

रत्नमालाबाईंनी सोल्यूशनच्या ट्यूबचं झाकण लावलं.

रविवारी पहाटे त्या जपाला बसल्या आणि आत पान्याचा आवाज सुरू झाला. दार उघडंच होतं. पुंजारामांनी मशीनच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती आणि पट्टा चढवत होते. पट्टा होता तसाच, विरलेली बाजू पुन्हा डावीकडं. त्यांच्या हिशेबी उतारच दोषी, तर पुठ्ठ्यानं काम भागलं. मग पट्टा कशाला फिरवायचा?

रत्नमालाबाईंचा हात माळेवर थांबला. तोंड उघडावं तर नेम मोडतो आणि न उघडावं तर हा माणूस त्याच जागी पुन्हा अडखळून पडणार. हा नेम कशासाठी, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

त्या उठल्या. कोपऱ्यातला यजमानांचा डावा कॅनव्हासचा बूट उचलून त्यांनी पट्ट्यावर, त्या विरलेल्या पट्टीवर ठेवला. बुटाचा पुढचा भाग झिजून आतलं कापड दिसत होतं. पट्टीची आणि त्या झिजेची रुंदी एकच होती.

पुंजारामांनी बूट उचलून त्याची झीज बोटानं चाचपली. मग पुठ्ठा काढून बाजूला टाकला आणि पाना घेऊन पुन्हा रोलर सैल करायला लागले. पट्टा फिरवून झाला, तेल लावून झालं, तोवर नैवेद्यही झाला.

"पाय घासतो ते कधीपासून ऐकतीस?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाय?"

"मौन असतं हो सकाळी."

"ते नैवेद्यापर्यंत. दिवसभर काय झालतं?"

नेम सकाळचा होता, पण त्याची सावली रत्नमालाबाईंनी दिवसभर सोयीनं अंगावर घेतली होती. यजमानांना वाईट वाटू नये, हे खरं. पण ते चिडतील याची भीतीही तेवढीच खरी. देवाच्या नावावर आपलं भित्रेपण खपवलं, हे त्यांना आज कळलं.

"चुकलं माझं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या डॉक्टरांकडं जाऊ. खरं काय ते सांगू."

पुंजारामांनी मान डोलावली. म्हणाले, "आता पट्ट्याची ही एकच बाजू राहिली. ही घासली तर उलटायला काही नाय. सकाळी तू बोलत नाय, मग देवापुढची घंटी तरी वाजव. पाय घासला की एकदा."

दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. टप्प, खर्र. रत्नमालाबाईंनी घंटी वाजवली. टप्प, टप्प. टप्प, खर्र. घंटी. जप राहिला बाजूला. पण आज जेवढं लक्ष एका जागी होतं तेवढं माळेवर कधी राहिलं नव्हतं.

फाटकापाशी राजकुमार आले. त्यांनी थोडा वेळ कान दिला.

"पुंजारामभाऊ, आज आरती लई लांबली?"

मशीन थांबली. रत्नमालाबाईंनी घंटी हातात तशीच धरली. आतल्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"आरती नाय," पुंजाराम म्हणाले. "डावा पाय घासतोय माझा. ती टोकतीय."

राजकुमारांची पावलं बागेकडं वळली. खिडकी उघडीच राहिली आणि पट्टा पुन्हा फिरायला लागला.