फायरप्लेसला दारं

"माझे पाय इथे बर्फ झालेत आणि तुझा बाप तिकडे आभाळ तापवतोय," आई पांघरुणातून पुटपुटली. मला ऐकू जाईल इतकंच, पण बाबांनाही ऐकू गेलं.

ते फायरप्लेसपुढे गुडघे टेकून मेपलचा ओंडका सारत होते. "आग आहे ती, एल्मा. उघडीच असते."

"म्हणूनच ऊब सगळी धुराड्यात."

हॉस्पिटलनं आईला घरी पाठवलं तेव्हा तिनं एवढंच मागितलं होतं, की पलंग पुढच्या खोलीत हवा, आगीसमोर. मी ग्रीन बे शहरातून मुक्कामाला आले ते पलंग हलवायच्या निमित्तानं. हॉस्पिटलमधून निघताना डॉक्टरीणबाईंनी दाराशी हळू आवाजात सांगितलेलं एक वाक्यही आमच्यासोबत घरी आलं. बाबांनीही ते ऐकलं होतं, आणि आईनं तर आमच्या आधीच. पण असलं काही बोलायची वेळ आली की आमच्या हॅनकॉक गावात आम्ही बर्फाबद्दल बोलतो. किती पडला, किती पडेल, उपसायला कोण येणार. आईशी बोलताना सगळे "बर्फ वितळल्यावर" म्हणायचे. बर्फ वितळल्यावर पडवीला रंग द्यायचा, बर्फ वितळल्यावर मावशीकडे जायचं.

संध्याकाळी खोली छान ऊबदार असायची. आग निवायला लागली की सगळं उलटायचं. निखारे पुरते विझेपर्यंत धुराड्याची झडप बंद करता येत नाही, नाहीतर धूर घरात. आणि झडप उघडी म्हणजे खोलीतली ऊब वर आणि गावालगतच्या तलावावरचा गारठा खाली, थेट आईच्या पायांवर. लोकरी मोज्यांवर मोजे चढवून तिच्या पावलांची गाठोडी झाली होती.

"काचेची दारं बसवू या," मी म्हटलं. "निवत आली की लावून घ्यायची. आईला पडल्यापडल्या निखारे दिसतील आणि वाराही येणार नाही."

"म्हणजे माशांची टाकी," बाबा म्हणाले.

"माझ्या घरात मासे नकोत. दारं चालतील," आई म्हणाली. तिथे विषय संपला. बाबा जन्मभर गवंडीकाम करत आले, पण घरात मुकादम तीच.

निवड तिनंच केली. मी फोनवर चित्रं दाखवत होते आणि ती वेलदोड्याच्या पावाचा एक तुकडा कॉफीत बुडवून नुसता धरून बसली होती. खात नव्हती. पितळी चौकट बघून म्हणाली, "ही बँकेत शोभेल." नक्षीवालीला नाक मुरडलं. शेवटी साधी काळी, लांब मुठीची पसंत केली. "मूठ लांब हवी. तुझ्या बापाची बोटं आता वळत नाहीत."

पुलापलीकडच्या दुकानात डॉना नावाच्या बाईंनी आम्हाला तशीच जोडी दाखवली, तयार, त्याच दिवशी नेता येण्यासारखी. आग भडकलेली असताना दारं उघडी ठेवायची, नाहीतर काच तडकते, हेही समजावलं. मग विचारलं, "दगडी आहे ना? मग चौकट आतच बसवावी लागेल, ओबडधोबड दगडांवर बाहेरून ती टेकत नाही. मापं कशी घेतलीत? वर, खाली, पुढे, मागे?"

"मापं कसली घ्यायची?" बाबा म्हणाले. "ती मी बांधलीय."

"तरी एकदा—"

"बाई, त्यातला प्रत्येक दगड हिच्या आईनं तलावाच्या किनाऱ्यावरून निवडला आणि मी बसवला. चाळीस इंच रुंद, तीस उंच. झोपेत सांगेन." त्यांनी आकडे असे सांगितले, जशी कुणी आपल्या पोरांची नावं सांगावीत. डॉनाबाईंनी बिल केलं. मी पैसे दिले.

घरी आल्यावर बाबांनी बूटसुद्धा काढले नाहीत. राख उपसली, आतली बाजू ब्रशनं घासली. आई उशा रचून बसली होती, तोंडावर पुष्कळ दिवसांनी रंग. "राइनो, सरळ लाव हं. आयुष्यभर तिरकं बघायला लावू नकोस."

"सरळ लावायला येतं मला," बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी चौकट उचलली. डावी बाजू आत सरकली, उजवी अडली. बाबांनी तिरकी करून पाहिली. मग तळहातानं ठोकली. वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या आगीनं वरची लोखंडी पट्टी मधोमध खाली झुकली होती आणि उजवीकडचा एक दगड बोटभर आतल्या बाजूला आला होता. हळूहळू आला असणार, रोज समोर बसणाऱ्यांना कसा दिसावा?

आता त्यांनी टेप काढला. वर, खाली, पुढे, मागे. चारही मापं वेगळी. टेप पुन्हा लावला, जणू दगडच ऐकतील.

मग छिन्नी-हातोडा घेऊन आले. पहिल्याच घावाला धूळ उडाली आणि आईला खोकला लागला, तो थांबेचना. मी तिला धरून बसले, पाणी पाजलं. बाबा हातोडा धरून तसेच उभे. दगडावर पांढरा ओरखडा उठला होता, तेवढंच.

खोकला थांबल्यावर त्यांनी डॉनाबाईंना फोन केला आणि मापं सांगितली. चारही. नीट, हळू. मग ऐकत राहिले. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मापाची करून मागवावी लागतील. दोन महिने."

"बघ!" मी आईकडे वळून म्हणाले, नको तितक्या उत्साहानं. "बर्फ वितळता वितळता येतील. तोवर आपण पायाशी ब्लँकेट टांगू."

"काळीच सांग त्यांना," आई म्हणाली. तीही लगेच माझ्या सुरात. "आणि मूठ लांब."

"सांगते ना. आणि आल्यावर बाबा आधी मोजून घेतील, काय बाबा?"

बाबांनी चौकट उचलून भिंतीशी टेकवली. हात विजारीला पुसले. आईच्या पलंगाच्या कडेवर बसले, तिचे मोज्यांतले पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले, आणि दोन्ही हातांनी चोळायला लागले. चोळता चोळताच, तिच्याकडे न बघता म्हणाले,

"दोन महिन्यांनी तू नसशील, एल्मा."