मोठ्या मावशींची पळी

मित्रांनो, जरा जवळ येऊन माझ्याकडे पाहा. माझा दांडा लांब आहे आणि वापरून वापरून थोडा वाकलेला आहे. माझी वाटी खोल आहे, पण तिच्या कडेची चकाकी केव्हाच गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात ज्या पळ्या आयुष्यभर पातेल्यात बुड्या मारतात, त्यांच्यातली मी एक म्हातारी पळी. तुमच्यापैकी काहींच्या आईबाबांना दुपारचे सूप मीच वाढले असेल. त्यांना मी आठवणार नाही. माणसाला सूप आठवते, पळी कुठे आठवते?

माझा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने पत्रा ठोकून माझी वाटी घडवली, दांडा जोडला, दोन रिव्हेट बसवले आणि मला हातात तोलून पाहिले. "हिने वाढणाऱ्याचा हात दुखायचा नाही," एवढेच तो म्हणाला. तेव्हा मला ते कळले नाही. पुढे शाळाभर मुलांच्या रांगेला वाढताना कळले.

मला विकत घेतले एका शाळेच्या मुख्य स्वयंपाकिणीने. मुले तिला मोठ्या मावशी म्हणत. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणे, म्हणून मीही मनातल्या मनात तिला ताईच म्हणू लागले.

ताईचे स्वयंपाकघर मोठे होते. खिडक्यांच्या काचा वाफेने सदा घामेजलेल्या. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि त्यातला शेगडीजवळचा खिळा माझा. सूप उकळले की ताई मला पातेल्यात बुडवी, एक थेंब डाव्या तळहातावर घेई आणि चाखे. एकदाच. मग मान हलवून झाकण ठेवी. त्या सूपला दुसऱ्यांदा चाखायची गरज कधी पडली नाही. मुले ताटे चाटूनपुसून परत आणत. धुणाऱ्या बायका हसून म्हणत, की मोठ्या मावशींच्या शाळेत आम्ही फुकटचा पगार घेतो, ताटे आधीच धुतलेली येतात.

लहानपणी आई आजारी असायची, तेव्हा ताईनेच धाकटीला भरवून वाढवले होते. मोठी झाल्यावर धाकटीही स्वयंपाकीण झाली, दुसऱ्या एका शाळेत. वर तिने आहारशास्त्राचे शिक्षणही घेतले. दर रविवारी दोघी ताईच्या घरी एकत्र जेवत आणि एकमेकींच्या स्वयंपाकाला नावे ठेवत. त्या भांडणाची चव जेवणापेक्षा चांगली होती, असे दोघीही म्हणत.

शाळांच्या स्वयंपाक्यांचा एक संघ होता. वर्षातून एकदा सगळे मुख्य स्वयंपाकी एका लांबलचक टेबलाभोवती जमत. या संघाची एक रीत होती. तिथे मत हात वर करून देत नसत. प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरातली पळी आणायची आणि टेबलावर ठेवायची. उताणी ठेवली तर होकार, पालथी ठेवली तर नकार. जो स्वतः वाढत नाही त्याने मुलांच्या जेवणाबद्दल मत देऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणून कोरी, न वापरलेली पळी कोणी आणली, तर संघाचे अध्यक्ष काका ती मुकाट्याने परत करत.

अशाच एका बैठकीत धाकटीने नवा ठराव मांडला. शाळेच्या जेवणात मीठ, साखर आणि तेल कमी करायचे, रोज एक भाजी वाढवायची, आणि हे प्रमाण सगळ्या शाळांनी पाळायचे. लहान वयात जिभेला जी सवय लागते ती जन्मभर सुटत नाही, आणि पुढची दुखणी तिथूनच सुरू होतात, असे तिने शांतपणे समजावून सांगितले.

टेबलाच्या टोकाला एक भल्यामोठ्या मिशांचे स्वयंपाकी बसत. त्यांना सगळे मिशीवालेच म्हणत. ते म्हणाले, "मुलांना दवाखान्याचं जेवण घालायचं असेल, तर वर्गात खाटा पण टाकून घ्या."

सगळे हसले. मग ताई उभी राहिली आणि हसू थांबले. तिने बहिणीकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "जे ताटात उरतं, ते कितीही पौष्टिक असलं तरी कुणाच्या अंगी लागत नाही. अळणी जेवण मुलं टाकतील आणि उपाशी घरी जातील. मला हे चालणार नाही."

तिने मला पालथी ठेवले. समोरच धाकटीची पळी उताणी पडली होती. मोजल्यावर दोन्हीकडे पळ्या सारख्याच भरल्या. अध्यक्ष काकांनी टकलावरून हात फिरवला आणि तोडगा काढला. ताईच्या शाळेत महिनाभर नव्या प्रमाणाने स्वयंपाक व्हावा आणि महिन्याने सगळ्यांनी पुन्हा जमावे. मुलांनी खाल्ले तर ठराव पास, टाकले तर ठराव बाद. "ताई विरोधात आहेत," ते म्हणाले, "पण खोटं बोलायच्या नाहीत." हे कोणालाच नाकारता आले नाही.

त्या आठवड्यातला रविवार दोघी बहिणींनी चुकवला. पुढचाही.

ताईने शब्द पाळला. दिलेल्या मापानेच ती मीठ घाली. मग मला बुडवून चाखे, आणि तिचा चेहरा पडे. पूर्वी एकदा चाखणारी ताई आता पुन्हा पुन्हा चाखू लागली होती. खरे तर हे त्या महिन्याआधीपासूनच थोडे थोडे चालले होते, आता मात्र फार वाढले. चाखायचे, मग बोटांच्या टोकांनी एक चिमूट टाकायची, पुन्हा चाखायचे, पुन्हा चिमूट. तुम्ही म्हणाल, ही तर लबाडी झाली. नाही, मित्रांनो. वर्षानुवर्षे पातेल्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला ती चिमूट मीठ वाटतच नाही. मीठ म्हणजे मापाने घातलेले. चिमूट हा चाखण्याचाच भाग. हाताने ती टाकलेली मनाला कळतही नाही.

ताटे परत येऊ लागली ती अर्धी भरलेली. ताई एकेका ताटाकडे पाही आणि उरलेले सूप स्वतः बादलीत ओती. आपण म्हणत होतो तेच खरे झाले, याचा तिला आनंद व्हायला हवा होता, पण मुलांच्या उरलेल्या सूपने कुठली स्वयंपाकीण आनंदी होईल?

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी धाकटी न सांगता शाळेत आली. स्वयंपाकघरात न येता ती सरळ मुलांच्या रांगेत उभी राहिली. मी तिला वाढले. ताई मान खाली घालून वाढत होती, तिला कळलेही नाही. धाकटी एका लहान मुलीशेजारी बसली आणि तिने सूपचा चमचा तोंडात घातला. चमचा तसाच राहिला. शेजारची मुलगी पाण्याचा पेला संपवत होती. ती धाकटीच्या कानाशी वाकून म्हणाली, "खारट आहे ना? पण मोठ्या मावशींना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल. आम्ही कोणीच सांगत नाही."

मुले वर्गात गेल्यावर धाकटी आत आली. ताई पातेले पुसत होती. धाकटीने पदार्थाला नावे ठेवली नाहीत, की मापाचा विषय काढला नाही. तिने मला उचलले, उरलेल्या सूपचा एक थेंब ताईच्या तळहातावर टाकला आणि म्हणाली, "चाख."

ताईने चाखले. "पाणी आहे नुसतं. तुझंच प्रमाण आहे, माझ्याकडे काय बघतेस?"

"ताई, हे खारट आहे गं."

"थट्टा करू नकोस."

ताईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिले. बोटांच्या टोकांवर मिठाचे कण चिकटलेले होते. तिने ते कण अंगठ्याने चोळून पाहिले. मग जवळच्या स्टुलावर बसली.

"घरी चहा पण पाणचट लागतो," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, हल्ली साखरच तशी येते."

धाकटीने तिच्याजवळ खाली बैठक मारली, लहानपणी जेवायला बसायची तशी. वय झाले की जीभ दमते, ती तिला सांगत राहिली. सगळ्यांची दमते. कोणाची आधी, कोणाची नंतर. यात चूक कोणाची नसते.

"चव गेलेल्या बाईला पातेल्याजवळ कोण उभं करतं?" ताईने विचारले. धाकटीने तिच्या बोटांवरचे मीठ पदराने पुसले. मग ताईनेच विचारले, "बैठकीत सांगणार आहेस का?"

"नाही."

"मग तुझा ठराव पडेल."

"पडू दे. पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. चल, ऊठ, पातेलं मी घासते."

बैठकीच्या दिवशी धाकटी मिठाची गुळणी धरून बसली होती. अध्यक्ष काकांनी ताईला विचारले, की मुलांनी जेवण खाल्ले की टाकले? "टाकलं," ताई म्हणाली. मिशीवाल्यांनी लगेच टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, की झाले तर मग, उचला पळ्या आणि करा पालथ्या.

"थांबा," ताई म्हणाली. ती उभी राहिली. मी तिच्या हातात होते. "मुलांनी टाकलं ते नवं जेवण नव्हतंच. ते माझं जेवण होतं. माप घातल्यावर माझा हात वरून मीठ टाकत राहिला, आणि मला ते कळलं नाही. माझ्या जिभेला आता मीठ कळत नाही."

ताईला वाटले, आता कोणीतरी हसेल. मिशीवाल्यांनी मिशीला हात लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमची मंडळी पण गेल्या वर्षापासून तेच म्हणतेय. मी तिच्याशी भांडत होतो."

मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूने एक वृद्ध स्वयंपाकीण हसली आणि म्हणाली, की माझ्या नातवंडांनी तर मिठाची बरणीच लपवून ठेवली आहे. आणखी कोणी काही बोलले, आणखी कोणी. पाहता पाहता सगळे एकमेकांच्या जिभांची चौकशी करू लागले.

ताईने एक गोष्ट मात्र सोडली नाही. एकदम सगळे कमी केले तर मुले खरोखरच टाकतील, ती म्हणाली. हळूहळू कमी करा. आणि चव आम्ही ठरवायची नाही, ज्यांना खायचे आहे त्यांना आधी विचारायचे. धाकटीने ते लगेच मान्य केले. पहिल्या वेळी तिला हे सुचायला हवे होते, असेही ती म्हणाली.

ताईने मला उताणी ठेवले. मिशीवाल्यांनीही जरा कुरकुरत त्यांची पळी उताणी केली. सगळ्याच पळ्या उताण्या झाल्या नाहीत. काहींना ते पटले नाही, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितले. पण ठराव पास झाला.

ताईला पातेल्यापासून कोणी दूर केले नाही. रोज जेवणाआधी मुले पाळीपाळीने स्वयंपाकघरात येत आणि ती त्यांच्या तळहातावर थेंब टाकी. कोणी म्हणे ठीक आहे, कोणी म्हणे लिंबू हवे, आणि एक पठ्ठ्या रोज म्हणे की मला कळले नाही, अजून थोडे द्या. ताटे पुन्हा रिकामी येऊ लागली. रविवारही पुन्हा सुरू झाले, नावे ठेवण्यासकट.

पुढे माझा एक रिव्हेट सैल झाला आणि वाढताना सूप दांड्यावरून गळू लागले. माझ्या जागी नवी चकचकीत पळी आली. मी किती तरी काळ झाकणांच्या खणात धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? जिने इतक्यांना भरवले, तिला भूक लागली का असे खणात कोण विचारणार? शेवटी निवृत्त होताना ताईने खण उघडला, मला फडक्याने पुसले आणि घरी नेले. तिथे मी खिडकीपाशी असते. कधीकधी ताई माझ्या वाटीने झाडांना पाणी घालते.

बालमित्रांनो, तुमच्या घरीही एखादी आजी, एखादा काका, एखादी मावशी असेल, ज्यांच्या हातच्या भाजीत आता मीठ जास्त पडते, किंवा चहात साखर. ताट मुकाट्याने बाजूला सारू नका. वाईट वाटेल म्हणून गप्प राहणे ही माया खरी, पण अर्धीच. तुम्ही गप्प राहिलात तर ते माणूस अर्ध्या ताटाकडे पाहून एकटेच झुरत बसते. म्हणून त्यांच्याजवळ बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि सांगा. हळू आवाजात सांगा, पण सांगा.