सूज उतरली तवा

पहिल्या किमोले घरचे सारे माझ्यासंगं नागपूरले आले होते. गाल फुगून टम्म झालेला, तोंड उघडेना, लोकं पाहूनच "अरेरे, अनुसयाबाई" म्हणत. तवा सोबतीची काही कमी नव्हती. तिसऱ्या किमोले मी एकटीच गेली.

कारन काय, तं मी बरी दिसून राहिली होती!

डॉक्टरीनबाईनं पहिलेच सांगितलं होतं, "गाठ जबड्यापर्यंत गेली आहे, आत्ता कापता येणार नाही. औषधानं आधी लहान करू, मग ऑपरेशन." अन् झाली लहान. सूज उतरली, भात गिळता याले लागला. केस गेले, पन ते पदराखाली. डॉक्टरीन खुश झाली. म्हणाली, "आता उशीर नको. सोमवारी भरती व्हा, सोबत घरचं माणूस पाहिजे."

घरी आली तं आमच्या बुढ्यानं, माझ्या नवऱ्यानं बिसरामनं, बोदलकस्याच्या तलावातली मच्छी आनून मोहल्ल्याले जेवाले बोलावलेलं. "अनुसया एकदम बरी झाली!" माझ्यासंगं रोज सकाळी दातांले तंबाखूचा गुडाखू घासत बसनारी शेजारची वच्छला, आजाराचं नाव आयकल्यापासून अंगनात पाय ठेवत नव्हती. तेबी आज हजर!

बुढ्याले बाजूले घेऊन मी म्हटलं, "सोमवारी भरती व्हाचं आहे. चला माझ्यासंगं."

"बरी तं झाली ना तू! मंग जबडा कापाचं कायले? धान कापनीले आला आहे. पाहू मंग."

"मंग मी जित्ती राहीन का?"

"काहीबाही नको बोलू. लोकं जेवून राहिले."

लोकं हसून राहिले, भात मागून राहिले, अन् माझा जीव आतल्या आत ओरडून राहिला. इतकी एकटी मी वार्डातबी नव्हती. तिथं बाजूच्या खाटेवरची बाई तरी "झोप लागली का वो?" म्हणून विचारे. मले मराचं नाही, बाप्पा! अर्धा जबडा जाऊ दे, पन मले जगाचं आहे.

असा संताप आला, का पंगतीत मच्छी वाढून राहिलेल्या बुढ्याचा हात धरला अन् त्याचं बोट माझ्या तोंडात घातलं. बोटाले तिखट रस्सा होता. तोंडात आग आग झाली, पन मी सोडलं नाही. बोट गाठीवर नेऊन टेकवलं.

"अजून आहे?" बुढा पुटपुटला. "मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगूनच राहिली होती ना आत्ता! अन् या चार महिन्यांत तुमी एकदा तरी माझ्या तोंडात पाह्यलं का?"

सोमवारी आमच्या तालुक्याच्या गोरेगाववरून एसटीत बसली, तं तो बाजूले येऊन बसला. नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला, माझ्याकडं नाही.