तीन दिवसांचं पीठ

सदलग्याच्या सोनलचं मन सकाळपासून तळ्यात-मळ्यात होतं. बेळगावचा दुकानदार नागेंद्र दुपारी फोन करणार होता. त्याला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे अजून ठरत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते पोरीपायी. रचना सहा महिन्यांची झाली तेव्हा सोनलनं नाचणी, गहू नि मूगडाळ भाजून, दळून तिच्या खिरीचं पीठ केलं. पोरगी बाळसं धरायला लागली. मग शेजारणीनं मागितलं, शेजारणीच्या बहिणीनं मागितलं, आणि रचनाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत गिऱ्हाइकाची चाळीस घरं झाली. घरघंटी दर तिसऱ्या दिवशी फिरायची. जैनाच्या घरात दळलेल्या पिठाला मर्यादा असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढं त्यात बारीक जीव होतात असं मानतात, म्हणून ते पीठ चुलीपाशी येत नाही.

नागेंद्रला मात्र महिन्याला पाचशे पाकिटं हवी होती. वर सहा महिन्यांची तारीख छापून.

“सहा महिनं!” सासू ब्राह्मीबाई म्हणाल्या. “तवर ते खाणारं पोर पळाय लागंल की गं.”

“आई, सगळं जग विकतंय,” सोनलचा नवरा श्रेयांस म्हणाला. “पाकीट हवाबंद असतंय.”

“मग तू खा की. तुला कुणी धरलंय?”

सोनल हसली. पण तिला दोघांचंही पटत होतं, पंचाईत ती तिथंच. म्हणून महिन्यापूर्वी तिनं एक पाकीट बंद करून फडताळात मागं सारलं होतं. पीठ बिघडलं की आपोआप निकाल लागेल, असा तिचा हिशेब. आज रचनाला मांडीवर घेऊन तिनं ते फोडलं.

ना जाळी, ना किडा, ना कुबट वास. पाप लागलं तर लागो, म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवलं. खमंग. कालच दळल्यासारखं.

आता ती आणखीच गोंधळली. खराब निघालं असतं तर किती बरं झालं असतं! तिनं त्याचीच खीर केली, फुंकून फुंकून निववली. रचनानं चिमणीगत तोंड उघडलं. चमचा ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. वाट बघून बघून पोरगी रडायला लागली. हात कशानं थांबला? धर्म आडवा आला, की नुसती सवय? की उगाच भ्याली ती? तिला काही कळेना. खीर गाईच्या घमेल्यात गेली.

तेवढ्यात फोन वाजला.

“हेळ्री अक्का, सांगा, काय ठरलं?”

“पीठ खराब होत न्हाय, दादा. मी ठेवून बघितलं.”

“मग द्या की!”

“पर माझ्या पोरीला घालवंना मला.”

“म्हंजे? चांगलं हाय का वाईट हाय?”

“चांगलंच हाय.”

“अक्का, माझं डोस्कं फिरवू नका.”

तिचं स्वतःचंही फिरलेलंच होतं. तांदूळ पाखडणाऱ्या ब्राह्मीबाई सूप न थांबवता म्हणाल्या, “अख्ख्या धान्याला कुठं तीन दिसाची मर्यादा असत्या? निवडून, धुऊन, वाळवून दे की. ज्यानं त्यानं लागंल तेवढं भाजावं नि दळावं.”

सोनलनं तेच फोनवर सांगितलं. नागेंद्र मोठ्यानं हसला. “पाकीट फाडायचा कंटाळा करत्यात इथल्या बाया, दळत बसणार व्हय?” मग म्हणाला, “वीस पाठवा. खपली न्हाईत तर परत.”

पाचशेची वीस झाली. श्रेयांसनं कपाळावर हात मारला. “आई, धंदा वाढला का बुडाला गं?”

“मला काय इचारतोस? मी सूप घिऊन बसलोय.”

सोनललाही ते सांगता येईना. तिनं घरघंटी लावली, ताज्या पिठाची खीर केली, आणि या खेपेला चमचा कुठं अडला नाही. रचना पोटभर खाऊन खांद्यावर झोपली. तिला तसंच धरून सोनलनं एका हातानं धान्याच्या पहिल्या पाकिटाची चिठ्ठी ओढली. तारखेच्या जागी पेन बराच वेळ टेकून राहिलं. बेळगावात हे कुणाला कळेल का, कोण जाणे. मग तिनं लिहिलं: दळल्यापासून तीन दिवस. आणि त्याखाली, बारीक अक्षरात: थंडीत सात.