डाव्या हाताचा जोड

ग्राइंडरचा आवाज घरात जाऊ नये म्हणून तिने शेडचं मागचं दार लावून घेतलं आणि मास्तरांनी सकाळी मारलेला वेल्डिंगचा जोड घासायला घेतला. मास्तर जेवून आडवे झाले होते. ते उठायच्या आत रुग्णालयाच्या स्ट्रेचर-ट्रॉलीचा पाय सोडवायचा, घासायचा, पुन्हा जोडायचा आणि होता तसा भिंतीला लावून ठेवायचा होता. बायका नवऱ्याच्या नकळत काय काय करतात. पण त्याचं काम पुसून टाकायची वेळ वैरिणीवरही येऊ नये.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. वर्कशॉपच्या त्या गल्लीत कुणाचं वेल्डिंग बिघडलं की तो माणूस तुकडा घेऊन यांच्याकडे यायचा, म्हणून मास्तर. मिग वेल्डिंगमध्ये गनमधून तार येते आणि तिच्याबरोबर गॅस येतो. वितळलेल्या लोखंडाला वारा लागू नये म्हणून तो गॅस. जोडावर बारीक भोकं दिसली की मास्तर विचारायचे, पंखा कुणाकडे तोंड करून आहे? कडेला चर पडला असेल तर म्हणायचे, एवढी कसली घाई, पाहुणे येणार आहेत का? जोड वर छान फुगलेला आणि खाली धरलेलाच नाही, असं दिसलं की मात्र ते गंभीर व्हायचे. हा सगळ्यात वाईट, म्हणायचे, कारण हा दिसायला देखणा असतो.

त्यांचा एक नियम होता. माणसाला दोष द्यायच्या आधी मशीनला द्या, मशीनला वाईट वाटत नाही. लग्नानंतर त्यांनी तिला गन धरायला शिकवली तेव्हाही तिच्या वाकड्यातिकड्या जोडांचा दोष ते आधी मशीनलाच देत होते. ती डावरी. तुझं सगळंच उलटं, असं चिडवायचे, पण गन उजव्या हातात घे, असं कधी म्हणाले नाहीत. पुढे गल्लीतल्या लोकांनी तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू तिच्याकडेही काम द्यायला लागले.

त्यामुळे मास्तरांच्या जोडावर पहिल्यांदा भोकं दिसली तेव्हा तिने पंख्याला दोष दिला आणि तो कोपऱ्यात नेऊन ठेवला. भोकं राहिली. मग तिने गॅसचा पाइप तपासला, गनची टिप बदलली, अर्थिंगचा चिमटा घासला, तारेचं नवं रीळ लावलं, लोखंडावरचा गंज स्वतः काढून दिला. मशीनमध्ये काहीतरी निघू दे, असं ती अक्षरशः मागत होती. ज्या दिवशी मशीनमध्ये काहीही निघालं नाही, त्या दिवशी ती मशीनशेजारी बसून रडली.

तिला माहीत होतंच. टेबलावरचा पेला त्यांच्या हाताला लागून पडायचा, पाणी पेल्याच्या बाहेर सांडायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, गेलेली नजर परत येणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि हे काम थांबवा, असंही सांगितलं होतं. मास्तरांनी त्यातलं फक्त थेंब घालायचं ऐकलं. गनचं टोक सांध्यावरून घसरत होतं, कधी लांब राहत होतं, आणि मुखवट्याच्या काळ्या काचेआड त्यांना ते कळत नव्हतं. सांगावं तर त्यांना सकाळी उठायला काही उरणार नव्हतं. न सांगावं तर त्या ट्रॉल्यांवर आजारी माणसं झोपणार होती. म्हणून ती रोज दुपारी मागचं दार लावून घ्यायची.

तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. घासलेला भुसा झाडून टाकायची, गन त्यांच्या बाजूच्या हुकावर अडकवायची, मुखवटा होता तसा पालथा ठेवायची. तिचा हात मात्र तिच्या ध्यानात आला नाही. डावऱ्या माणसाला आपलं डावं कधी दिसतं?

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचा माणूस ट्रॉल्या न्यायला आला. त्याने पाय हलवून पाहिले, जोडांवरून नजर फिरवली आणि म्हणाला की मास्तरांचं काम म्हणजे डोळे मिटून घ्यावं असं. मास्तर खूश झाले. त्यांनी हातमोजा काढला आणि कौतुकाने एका जोडावरून अंगठा फिरवला.

जोडावर माशाच्या खवल्यांसारखे थर असतात. एका बाजूने नख सरळ घसरतं, उलट बाजूने अडकतं. उजवा माणूस गन उजवीकडून डावीकडे नेतो, डावरा डावीकडून उजवीकडे. मास्तरांचं नख जिथे घसरायला हवं होतं तिथे अडकलं.

त्यांनी दुसरा पाय चाचपला, मग तिसरा. मग त्या माणसाला म्हणाले, जोड पक्के आहेत, खुशाल घेऊन जा. ट्रॉल्या गाडीत चढवून होईपर्यंत ते दारात उभे होते. गाडी गेल्यावर येऊन स्टुलावर बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाले काही महिने."

"माझ्या जोडात काय होतं?"

मास्तर थांबले. पूर्वी कुणी तुकडा घेऊन आला की त्याच्या तोंडून दोष वदवून घ्यायला ते असेच थांबायचे.

"भोकं होती," ती म्हणाली. "आणि एकाच बाजूला धरलेला असायचा. दुसरी बाजू सुटलेली."

"कशामुळे?"

"वारा असेल."

"पंखा तू केव्हाच हलवलास. मशीन पाहिलंस?"

"सगळं पाहिलं हो. टिप, पाइप, तार... सगळं पाहिलं."

"मग राहिलं काय?"

ती टेबलावरचा भुसा गोळा करायला लागली. मास्तरांनी मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत; भंगारातल्या दोन पट्ट्या घेऊन ये, एवढंच म्हणाले. एक जोड मारतो, मग बंद.

"पण त्याला तू हात लावायचा नाही. वाईट झाला तरी माझा राहू दे."

तिने दोन पट्ट्या टेबलावर कडेला कड लावून ठेवल्या. पट्ट्या हलू नयेत म्हणून आधी टाके मारून देते म्हणाली, तर ते म्हणाले, भंगारच आहे, कशाला. त्यांनी मुखवटा चढवला, बोटांनी सांधा चाचपला आणि गन टेकवली. आवाज अगदी एकसारखा आला, चांगल्या जोडाचा येतो तसा. तिने आपल्या मुखवट्यातून पाहिलं. पहिल्या इंचातच गन सांधा सोडून उजव्या पट्टीवर गेली आणि तशीच सरळ खाली आली. टोक जरा डावीकडे, एवढंच सांगायचं होतं. तिने ओठ दाताखाली धरले.

मास्तरांनी मुखवटा वर केला. जोड देखणा आला होता. एकसारखे थर, एक भोक नाही, कडेला चर नाही. त्यांच्या उमेदीच्या दिवसांतला वाटावा असा. तो एका पट्टीवर एकटाच पडला होता, आणि वरचा अर्धा इंच सोडला तर दोन पट्ट्यांमध्ये काहीच नव्हतं.

"कसा आलाय?"

"छान आलाय," ती म्हणाली.

त्यांनी पट्टी जवळ ओढण्यासाठी उचलली. वरचा तो चिमूटभर धागा कट्‌कन तुटला आणि दुसरी पट्टी सुटायला लागली. तिने दोन्ही उघडे हात खालून घातले आणि पट्ट्या एकमेकींना दाबून धरल्या. मास्तरांचा अंगठा जोडावरून वरपासून खालपर्यंत हळूच फिरला. मग तो बाजूला सरकला आणि मोकळ्या फटीत येऊन थांबला.



"गरम आहे अजून," मग ते म्हणाले. "हात भाजेल तुझा. सोड."

"भाजत नाही," ती म्हणाली, आणि तिने सोडलं नाही.