पाठीवरचा वाघ आणि जांभळा पायजमा

थायलंडमधल्या उदोनच्या बुन्तोमला परमुलखात एकट्याने रेल्वेतून हिंडायची हौस अजिबात नव्हती. पण पोरीचं लग्न व्हिएतनाममधल्या दानांगला, बायको पंधरा दिवस आधीच तिकडे पोचलेली, आणि विमानाला हा जाम घाबरणारा! म्हणून गडी बसने लाओस ओलांडून विन्हला आला आणि पहाटेच्या गाडीत चढला. दुपारी दोनला दानांग, संध्याकाळी लग्न. त्यात अवघड ते काय?

अवघड होत्या ताम मावशी. चार बर्थच्या खोलीत बुन्तोमखेरीज ह्या एकट्याच. वय पंचाहत्तर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. उदोनच्या बाजारात निम्मे दुकानदार मूळचे व्हिएतनामी, त्यामुळे बुन्तोमला त्यांची भाषा कामापुरती यायची. तासाभरात मावशींनी त्याचं वय, मोटारसायकल दुरुस्तीचा धंदा, होणाऱ्या जावयाचा पगार, सगळं काढून घेतलं. मग बेसिनवर जाऊन आपला जांभळा, फुलाफुलांचा पायजमा धुऊन आणला, दारात आडवी दोरी बांधली आणि चार चिमटे लावून टाकला वाळत.

बुन्तोमचा घास हातातच राहिला.

कारण बुन्तोमच्या पाठीवर वाघ होता. विशीत असताना गुरूंनी मंत्र म्हणत सुईने गोंदलेला. त्या वाघाने आपल्याला दोन अपघातांतून आणि एका पिसाळलेल्या म्हशीपासून वाचवलं, असं तो छातीठोकपणे सांगायचा. पथ्य एकच, बाईमाणसाचे कमरेखालचे कपडे वाळत असतील तर त्यांच्याखालून जायचं नाही. गेलास, की वाघाचं मांजर! हात लावणं तर त्याहून वाईट. गळ्यातला ताईत असता तर काढून ठेवला असता. पाठ कुठे काढून ठेवणार?

चहाची गाडी आली, त्याने मान हलवून नको म्हटलं. बाहेर जायची वाट त्या पायजम्याखालूनच; आत घेतलेलं बाहेर काढायची सोय कुठे होती? साडेअकराला मात्र जिवावर उदार होऊन म्हणाला, "मावशी, ते... वाळलं असेल ना आता?"

मावशींनी चाचपून पाहिलं. "कसलं वाळतंय! या एसीत संध्याकाळ होईल बघ. पण तू का रे असा घामाघूम? जाऊन ये ना बाबा, लाजतोस कसला?"

आता आईच्या वयाच्या परक्या बाईला पायजम्याबद्दल आणखी काय बोलणार, आणि कोणत्या तोंडाने? बुन्तोम गुडघे आवळून खिडकीबाहेरचा समुद्र बघू लागला. एवढं पाणी बघून तर जास्तच पंचाईत झाली.

दीडला पोरीचा फोन. "बाबा, आम्ही सगळे स्टेशनवर आलोय. ह्यांचे आजोबासुद्धा चाकाच्या खुर्चीतून आलेत. दाराशी उभे राहा हं, गाडी फार वेळ थांबत नाही."

"उभाच आहे गं, कन्निका," बुन्तोम बसल्या बसल्या म्हणाला.

दानांग आलं तेव्हा मावशी नेमक्या शेजारच्या खोलीत गप्पा हाणत होत्या. "मावशी! अहो मावशी!" पलीकडून हसण्याचा गडगडाट तेवढा ऐकू आला. बुन्तोमने छत्रीच्या टोकाने चिमटे काढून बघितले. एक हलेल तर शपथ!

खिडकीतून कन्निका दिसली. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे, एकेक डबा बघत पळत होती आणि चेहरा रडवेला झाला होता. तेवढ्यात शिट्टी झाली.

"माफ कर रे बाबा," तो आपल्याच पाठीला म्हणाला. बॅग छातीशी धरली, डोळे गच्च मिटले आणि सुटला.

मिटल्या डोळ्यांनी अंदाज चुकला. दोरी खुंटीसकट उपटून आली.

प्लॅटफॉर्मवर व्याही मंडळी फुलं घेऊन रांगेत उभी होती. त्यांच्यासमोर गाडीतून एक माणूस धप्पकन उतरला. डोक्यावर जांभळा पायजमा, त्याचे दोन्ही पाय कानांवरून लोंबताहेत, चारही चिमटे जागच्या जागी. चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांनी, थायलंडची रीत असेल असं समजून, आदराने आपली टोपी काढली.

"अरे मेल्या!" मागून दारातून मावशी ओरडल्या. "पोरीच्या लग्नाला माझा पायजमा घालून निघालास?"

सगळं स्टेशन हसलं. कन्निका हसली नाही. तिचं लहानपण घरातल्या बायकांचे कपडे गोठ्यामागे वाळत घालण्यात गेलं होतं. एकदा गल्लीत कोणाचीतरी दोरी आडवी होती, म्हणून हा माणूस तिच्या शाळेच्या समारंभालाही आला नव्हता. बक्षीस घेताना ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ह्याच्याखालून आलात?"

"मग काय, उडत येऊ?"

"आणि वाघ?"

"वाघ गेला खड्ड्यात! लग्न तुझं आहे की त्याचं?" बुन्तोम खेकसला. "आणि रडतेस काय? आधी संडास कुठे आहे ते सांग!"

कन्निकाने पायजमा ओढून मावशींकडे भिरकावला, डोळे पुसले आणि हसत हसत बापाचा हात धरून पळत सुटली.