तारेवरची शेवटची चिठ्ठी

धाकट्याचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घराच्या पुढच्या खोलीत लाँड्री होती. भिंतीला आडवी तार बांधलेली. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या आल्या तशा तिच्यावर चिमट्याने लावायच्या आणि त्याच क्रमाने कपडे करायचे. इस्त्रीचं टेबल वीस वर्षं थोरल्या सुनेकडे होतं.

तिच्या छातीत दुखू लागलं होतं. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यायला चिठ्ठी लिहून दिली. ती तिने तारेवरच लावली, सगळ्यांच्या शेवटी. एवढे कपडे गेले की जायचं. पण नवं गिऱ्हाईक आलं की ती आपली चिठ्ठी काढून त्याच्या मागे लावी. उभ्या उभ्या ती मनाची समजूत घाली: या दहा चादरी, मग बसू. दहा झाल्या की आणखी दहा. अंग म्हणे, बस. मन म्हणे, बसलीस तर तुला या घरात विचारतो कोण?

घरही तिला चढवून ठेवी. सासऱ्यांचा गुडघा दुखला, तर तासाभरात दाराशी रिक्षा उभी राहिली. थोरलीबद्दल मात्र सासू आल्यागेल्याला सांगे, आमची ही वाघीण आहे, हिला दुखणं ठाऊक नाही. नवरा म्हणे, तू आहेस म्हणून चाललंय. तेवढ्यावर तिचे दोन दिवस निघत.

नवी जाऊ एकदा म्हणाली, "ताई, उद्या टेबल मी बघते. तुम्ही जाऊन या."

"तू? परवा कॉलर जाळलीस की," थोरली हसली. "शनिवारी हॉटेलच्या चादरी जाऊ देत, मग बघू."

चादरी गेल्या. सोमवारी नव्या आल्या. मंगळवारी दुपारी तिच्या हातातली इस्त्री खाली पडली, आणि मागोमाग ती.

महिन्याने लाँड्री पुन्हा उघडली, तेव्हा सासूने धाकटीला टेबलाशी उभं केलं. डोळे पुसत म्हणाली, "आता तूच आमची वाघीण."

धाकटीने तारेकडे पाहिलं. दवाखान्याची चिठ्ठी अजून शेवटीच होती.

"मला वाघीण म्हणू नका, आई," ती म्हणाली. "दुखलं की मी बसणार. आणि दवाखान्यात त्याच दिवशी जाणार."

थोरलीच्या नवऱ्याने आतून खुर्ची आणून टेबलापाशी ठेवली. वीस वर्षांत तिथे खुर्ची नव्हती.

थोरली सून वारली ती धाकट्याच्या लग्नानंतर आठव्या महिन्यात, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास. वय एकेचाळीस.